पुढून ओढणारी की मागून ढकलणारी?



मागच्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर छत्री चौकात उभ्या असलेल्या फियाटचा जुना फोटो आला आणि खाली आठवणींची रीघ लागली. कुणाची वरात त्या गाडीतून निघाली, कुणाला वडिलांनी तिच्यावर ड्रायव्हिंग शिकवलं. मीही लिहायला घेतलं होतं. पण त्याच संध्याकाळी कॅनडाहून नातवाचा फोन आला, आणि फियाट, व्हॅन, भेरूघाट सगळं एकदम वर आलं. म्हणून ही वेगळी पोस्ट. लांब आहे, सवडीने वाचा. मी कॉमर्सचा माणूस, सदतीस वर्षं बँकेत काढली. इंजिनिअर मंडळींना काही चुकलेलं दिसलं तर खुशाल कान धरा.

प्रकरण असं. मुलगा २००० साली तिकडे गेला, टोरांटोच्या शेजारी मिसिसागाला असतो. नातू तिथलाच जन्मलेला, आता तेवीस वर्षांचा. नोकरी लागून वर्ष झालं, आता स्वतःच्या पैशाने पहिली गाडी घ्यायची आहे. आणि घ्यायची आहे जपानी स्पोर्ट्स कार. रोज ऑफिसला तीच, बाजारहाटाला तीच, हौसेलाही तीच. दोन गाड्यांवर गाडी अडली आहे. एक टोयोटाची जीआर ८६, मागच्या चाकांवर चालणारी. दुसरी होंडाची सिव्हिक एसआय, पुढच्या चाकांवर चालणारी. पोराचं मन टोयोटावर. माझ्या मुलाने साफ सांगितलं, "मागच्या चाकांची गाडी या घराच्या दारात उभी राहणार नाही." झालं. बाप-लेक पंधरा दिवस बोलत नाहीत. सूनबाई आमच्या हिला फोन करून सांगते, की दोघं एकाच टेबलावर जेवतात आणि मीठ मागायचं तरी मलाच मध्ये घालतात.

नातवाने मला फोन केला तो भांडायला नव्हे. म्हणाला, "आजोबा, बाबा म्हणतात की भेरूघाटात काय झालं ते तुम्हालाच विचार. काय झालं होतं?"

त्याला जे सांगितलं आणि नंतर जे मला स्वतःलाच कळलं, ते लिहितो. त्याआधी ज्यांना हे पुढचं-मागचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं.

इंजिनाची ताकद शेवटी चाकापर्यंत पोचवायची असते. फियाट, अँबेसिडर, काँटेसा या सगळ्यांत इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. मधून एक लांब दांडा जायचा, त्याला प्रॉपेलर शाफ्ट म्हणतात. त्या दांड्याला जागा हवी म्हणून मागच्या सीटसमोर जमिनीला मधोमध उंचवटा असायचा. घरातल्या धाकट्या पोराला नेहमी त्या उंचवट्यावर पाय घेऊन, गुडघे हनुवटीला लावून बसवत. ज्यांचं बालपण तिथे गेलंय ते ओळखतील.

१४ डिसेंबर १९८३ ला इंदिराजींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली. आपल्यासारख्या सामान्य माणसाने पुढच्या चाकांवर चालणारी गाडी जवळून पाहिली ती हीच. इंजिन आडवं बसवलेलं, गिअरबॉक्स त्याला चिकटून आणि ताकद थेट पुढच्या चाकांना. लांब दांडा नाही, उंचवटा नाही. म्हणून एवढीशी गाडी, पण आत पाच माणसं आणि वर दिवाळीच्या फराळाचे डबे. गंमत बघा, वर्षभराने, १९८४ साली त्याच कारखान्यातून मारुती व्हॅन आली, जिला पुढे ऑम्नी म्हणू लागले. तिचं इंजिनही तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचंच. पण ते पुढच्या सीटखाली, आणि ताकद मागच्या चाकांना. म्हणजे एकाच घरचे दोन भाऊ, एक गाडा पुढून ओढणारा, दुसरा मागून ढकलणारा.

मला ही गोष्ट बँकेच्या भाषेत समजते. पुढच्या चाकांच्या गाडीत पुढचे दोन टायर गाडी ओढतातही आणि वळवतातही. एकच कारकून कॅशही सांभाळतोय आणि लेजरही लिहितोय. साध्या दिवशी काही अडत नाही, उलट काम झटपट होतं. महिन्याच्या एक तारखेला पेन्शनवाल्यांची रांग लागली की मात्र त्याचा गोंधळ होतो. वळणावर जोरात ॲक्सिलरेटर दाबला की पुढचे टायर म्हणतात, ओढू की वळू? आणि गाडी वळायचं सोडून सरळ जायला बघते. मागच्या चाकांच्या गाडीत काम वाटून दिलेलं. पुढचे वळवतील, मागचे ढकलतील. आमच्याकडे ऑडिटवाले नेहमी म्हणत, कामं वेगळी ठेवा. म्हणून कागदावर मागची पद्धत जास्त शहाणी दिसते, आणि शर्यतीची गाडी बनवणारे बरेच जण तिकडे झुकतात ते उगीच नाही.

पण रस्ता म्हणजे कागद नव्हे. त्यात आमच्या माळव्याचा पावसाळ्यातला रस्ता तर नाहीच नाही.

१९८२ साली मी जुनी फियाट घेतली होती, प्रीमियर पद्मिनी. १९८४ च्या ऑगस्टमध्ये पीककर्जाच्या पाहणीला तराना तहसिलीतल्या एका गावाला चाललो होतो. शेवटचे दोन किलोमीटर कच्चे. आपली काळी माती ओली झाली की कशी होते ते सांगायला नको, चप्पल काढली तर पाय येतो आणि चप्पल राहते. मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मी जितका ॲक्सिलरेटर दाबला तितका खड्डा खोल आणि चिखल गुळगुळीत. फियाटमध्ये इंजिनाचं वजन पुढे आणि जोर मागे, मागच्या चाकांवर भार कमी. एक म्हातारा शेतकरी बांधावर विडी ओढत हे बघत होता. तो शांतपणे म्हणाला, "साब, दो जने पीछे डिक्की पे बैठ जाओ, निकल जाएगी." आमचा शिपाई आणि पटवारी डिक्कीवर बसले आणि गाडी निघाली. ज्या चाकांनी जोर लावायचा त्यांच्यावर भार हवा, हा सगळा विषय त्या माणसाने एका वाक्यात सांगितला. पुढच्या चाकांच्या गाडीत हा भार आयताच मिळतो. इंजिन, गिअरबॉक्स सगळं पुढेच असल्याने साधारण साठ टक्के वजन पुढच्या चाकांवर असतं. डिक्कीवर पटवारी बसवावा लागत नाही.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा एकतर्फी लिहितोय. पुढे माझ्याकडे मारुती ८०० आली तेव्हा मांडूला जाताना पावसात चढावर, पाच माणसं आणि सामान भरलेलं असताना, पुढचे टायर चुरचुर करत घसरत. चढावर वजन मागे सरकतं आणि ओढणारी चाकं हलकी पडतात. तिथे भरलेली व्हॅन निवांत चढून जायची. त्यातून एक शिकलो, की कोणती चाकं चांगली हे विचारण्याआधी रस्ता कोणता आणि गाडीत बसलंय कोण ते विचारावं.

आता नातवाचं मन टोयोटावर का बसलं ते. जपानमध्येही १९८३ सालीच ही फारकत झाली, हे मला त्यानेच सांगितलं. टोयोटाने त्या वर्षी कोरोला पुढच्या चाकांवर आणली, पण तिच्यातल्या दोन चपळ गाड्या, लेव्हिन आणि ट्रुएनो, मागच्याच चाकांवर ठेवल्या. त्यांना एई ८६ म्हणतात. पुढे १९९५ पासून 'इनिशियल डी' नावाची चित्रकथा निघाली. त्यात एक शाळकरी मुलगा वडिलांच्या दुकानातला टोफू त्या गाडीतून डोंगररस्त्याने पोचवतो आणि भल्याभल्यांना मागे टाकतो. झालं, जगभरची पोरं वेडी झाली. आजची जीआर ८६ आपल्या नावात तोच आकडा मिरवते. नातवाच्या टेबलावर तिचं लहान मॉडेल आहे. मी म्हटलं, बाळा, पटनी बाजाराच्या गर्दीतून दोन्हीकडे कॅन लटकवून मोटारसायकल काढणारे आमचे दूधवाले बघितलेस तर त्या टोफूवाल्याला विसरशील.

असो. पण पुढची चाकं म्हणजे फक्त भाजी आणायची गाडी, हे जे तिकडची पोरं म्हणतात ना, ते खरं नाही. होंडाने १९७२ मध्ये सिव्हिक काढली ती पुढच्या चाकांवर, आणि १९९५ ची इंटिग्रा टाइप आर पुढच्याच चाकांवर असूनही गाडी चालवणाऱ्यांत आजही तिचं नाव आदराने घेतात. त्याच होंडाने १९९९ ला एस २००० ही स्पोर्ट्स कार काढली ती मागच्या चाकांवर. म्हणजे करणाऱ्यांना दोन्ही येतं. हट्ट असतो तो आपला, घेणाऱ्यांचा.

आणि मागच्या चाकांची मजा खोटी आहे असंही मी म्हणणार नाही. ही गोष्ट मी घरात कधी सांगितली नव्हती, आज इथेच सांगतो. आमच्या शाखेचे एक जिनिंगवाले शेटजी होते. त्यांच्याकडे काँटेसा होती, ती १८०० सीसीच्या इसुझू इंजिनाची. म्हणजे अंग इंग्लंडचं, कारखाना हिंदुस्थानचा आणि काळीज जपानी. इंदूरजवळ पीथमपूरला हिंदुस्तान मोटर्सचा इंजिनांचा कारखाना होता, म्हणून आमच्या भागात त्या इंजिनाचं अप्रूप जरा जास्तच. एकदा शेटजींनी देवास रोडवर किल्ली माझ्या हातात दिली. सकाळची वेळ, रस्ता मोकळा. एका लांब वळणावर ॲक्सिलरेटर हळूच दाबला आणि पाठीवर कुणी हात ठेवून पुढे सरकवावं तसं वाटलं. स्टीअरिंगला ओढ नाही, झटका नाही, फक्त रस्ता. मी तेव्हा चाळिशीचा, दोन मुलांचा बाप, खिशात शाखेच्या किल्ल्या. पाच मिनिटांसाठी मी कुणीच नव्हतो. त्यामुळे नातू फोनवर म्हणाला, "आजोबा, दॅट फीलिंग, मला सांगता येत नाही," तेव्हा मला ते बरोबर कळलं होतं. मी काही बोललो नाही इतकंच.

आता भेरूघाट.

१९८६ मध्ये फियाट विकून मी व्हॅन घेतली. माणसं वाढली होती. १९८८ च्या श्रावणात आम्ही ओंकारेश्वरला निघालो. महाकालाचं दर्शन रोजचंच, तेव्हा वर्षातून एकदा ओंकारेश्वर हा आमच्या आईचा नेम. गाडीत आई, ही, मुलगी आणि तेरा वर्षांचा मुलगा. इंदूर ओलांडून, सिमरोल मागे टाकून घाट सुरू झाला. पाऊस बारीक, रस्ता तुकतुकीत. उतारावरच्या एका वळणाला समोरून ट्रक आला. मी घाबरून ॲक्सिलरेटर सोडला, तिसऱ्यातून गाडी एकदम दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि स्टीअरिंग डावीकडे घेतलं. गाडीचं मागचं अंग फिरलं. आजही आठवतं, ट्रक समोरच्या काचेतून निघून बाजूच्या काचेत गेला आणि पुढच्या काचेत दरी आली. दगडी कठड्याला मागची बाजू आदळून गाडी थांबली. आईच्या कपाळाला खोक पडली. हिचं मनगट मोडलं, आजही थंडीत दुखतं. मुलीला काही झालं नाही. मुलगा मागच्या सीटवर कठड्याच्या बाजूला होता. त्याला खरचटलंसुद्धा नाही, पण पुढे वर्षभर तो गाडीत बसला की दाराची कडी घट्ट धरून ठेवायचा.

दोन महिन्यांत मी व्हॅन विकली. त्यानंतर घरात जी गाडी आली ती पुढच्याच चाकांची. आणि गेली सदतीस वर्षं प्रत्येक लग्नात, मुंजीत, जेवणाच्या पंगतीत मी हेच सांगत आलो, की मागच्या चाकांची गाडी पावसात दगा देते. या ग्रुपवरही दोनदा लिहिलंय. मुलाने ते ऐकूनच डोक्यात धरलं. त्याचं म्हणणं चूक कसं म्हणू? ते माझंच म्हणणं होतं.

नातवाने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "आजोबा, टायर कसे होते?"

मी म्हटलं, नवे होते. आणि फोन ठेवल्यावर झोप येईना.

माझी एक सवय आहे. पहिल्या गाडीपासून मी खर्चाची वही ठेवतो. पेट्रोल, ऑइल, पंक्चर, सगळं तारखेनिशी. ही हसते, पण वह्या माळ्यावर आहेत. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाला शिडीवर चढवून १९८८ ची वही काढली. जून महिन्यात नोंद आहे, माझ्याच अक्षरात: "टायर नग २, पुढे बसविले. मागील दोन दिवाळीपर्यंत चालवावे."

मंडळी, घरचे हप्ते चालू होते. चार टायरऐवजी दोन घेतले. आमच्या मिस्त्रीचा नियम होता, "स्टीअरिंग के टायर अच्छे होने चाहिए, पीछे तो घिसटता रहता है." सगळेच तेव्हा असं म्हणत. म्हणून नवे पुढे, झिजलेले मागे. हे अगदी उलटं आहे. चांगली जोडी नेहमी मागे घालावी, गाडी पुढच्या चाकांची असो की मागच्या. कारण पुढचे टायर घसरले तर हाताला कळतं, गाडी सरळ जायला लागते, वेग कमी केला की सावरते. मागचे घसरले तर साधा माणूस सावरू शकत नाही, कळेपर्यंत गाडी आडवी झालेली असते. उतारावर मी ॲक्सिलरेटर सोडला तेव्हा सगळं वजन पुढे गेलं, मागची झिजलेली चाकं हलकी पडली आणि फिरली. त्या दिवशी मारुती ८०० असती आणि मागे तसेच टायर असते, तर तीही फिरली असती.

मागच्या ड्राइव्हचा दोष शून्य होता असं मात्र नाही. मी दुसरा गिअर टाकला तेव्हा इंजिनाने गाडीला जो लगाम लावला तो मागच्याच चाकांवर पडला, कारण इंजिन त्यांनाच जोडलेलं. आधीच सुटू पाहणाऱ्या चाकांना आणखी एक धक्का. पुढच्या चाकांच्या गाडीत तो लगाम पुढे पडला असता. हिशेब करायचा तर मी असा लिहीन: टायरचे बारा आणे, माझ्या घाईचे तीन आणे, मागच्या चाकांचा एक आणा. आणि सदतीस वर्षं मी पूर्ण रुपया त्या एका आण्याच्या खात्यावर टाकत होतो.

हे हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, टायरचं तुम्ही तेव्हाच दवाखान्यात म्हणाला होतात. नंतर कधी म्हणाला नाहीत." मला हे अजिबात आठवत नाही.

आता प्रश्न असा, की मग नातवाला काय सांगायचं? मागची चाकं निर्दोष सुटली म्हणून टोयोटा घे म्हणू का? नाही. माझं मत अजूनही सिव्हिककडेच आहे, पण कारण बदललं आहे.

मी त्याच्याकडून महिन्याभराचा हिशेब मागवला. गाडी कधी, कुठे, कशाला लागते ते लिही म्हटलं. त्याने पाठवला. बावीस दिवस ऑफिस, जाऊन-येऊन पासष्ट किलोमीटर, त्यातला बराचसा भाग हायवेवरच्या रांगेत, एक पाय क्लचवर. सहा वेळा किराणा. दोनदा विमानतळावर पाहुण्यांना आणायला. आईला डॉक्टरकडे एकदा. आणि मनासारखं, मोकळ्या रस्त्यावर ड्रायव्हिंग? एक रविवार, अडीच तास. तिकडचा मुलूखही सपाट, भेरूघाट सोडा, मांडूचा चढसुद्धा जवळपास नाही. आता जीआर ८६ ला दोन दारं. मागची सीट म्हणायला सीट, तिच्यावर सूनबाईंचे आईवडील बसणार नाहीत, आणि ते वर्षातले सहा महिने तिथे असतात. सिव्हिकला चार दारं, पाच माणसं, मोठी डिक्की. ताकद बघाल तर टोयोटाची २२८ अश्वशक्ती, होंडाची २००. हायवेच्या रांगेत हा फरक कुणाला कळणार? दोन्हीला हाताने टाकायचे सहा गिअर. वर सिव्हिक एसआयच्या पुढच्या चाकांमध्ये असं डिफरेन्शिअल बसवलंय, की एक चाक घसरायला लागलं तर जोर दुसऱ्याकडे वळतो. तो कॅश-लेजरवाला कारकून मघाशी सांगितला ना, त्याला एक मदतनीस दिला आहे म्हणा. 'रोजची गाडी' म्हणताना माणूस डोळ्यांसमोर रविवार आणतो आणि हप्ते मात्र तीसही दिवसांचे भरतो. कर्जाच्या अर्जात हे मी हजारदा बघितलंय.

आमच्या उज्जैनचंच घ्या. महाकाल लोक झाल्यापासून शहरात गाडी कोणत्या चाकांनी चालते हा प्रश्नच उरला नाही. चालली तरी पुरे.

पण मुलालाही मला काही सांगायचं होतं, आणि ते जास्त अवघड होतं. तिकडे बर्फ पडतो. बर्फात पुढच्या चाकांची गाडी जागेवरून लवकर निघते, हे खरं. इंजिनाचा भार ओढणाऱ्या चाकांवर, तोच डिक्कीवरच्या पटवाऱ्याचा नियम. पण निघणं आणि थांबणं या दोन गोष्टी आहेत. थांबताना चारही चाकांना ब्रेक लागतो, तिथे पुढची-मागची हा भेद नाही, टायर काय आहेत तेवढंच बघायचं. तिकडे हिवाळ्याचे वेगळे टायर मिळतात. सात अंशांच्या खाली साधं रबर कडक होतं, त्यांचं मऊ राहतं. बाजूला डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असतं. शेजारच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च ते सक्तीचे आहेत. ऑन्टारियोत सक्ती नाही, पण घातले तर विमा कंपनीला हप्त्यात सूट द्यावी लागते, असा नियम २०१६ पासून आहे. शिवाय गेली दहा-बारा वर्षं तिकडच्या प्रत्येक नव्या कारमध्ये गाडी फिरू लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून तिला सरळ करणारी यंत्रणा कायद्यानेच असते. १९८८ च्या व्हॅनमध्ये असलं काही नव्हतं. हिवाळ्याचे चार टायर घातलेली मागच्या चाकांची गाडी ही गुळगुळीत टायरवाल्या पुढच्या चाकांच्या गाडीपेक्षा मला जास्त भरवशाची वाटते. आणि माझ्या मुलाच्या स्वतःच्या पुढच्या चाकांच्या गाडीला, चौकशी केल्यावर कळलं, बारा महिने एकच टायर आहेत.

मी त्याला वहीच्या त्या पानाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, "बाबा रे, भेरूघाटात मागच्या चाकांनी नाही, मी घात केला. दोन टायर वाचवले. तू मागे बसला होतास, तुला हे आधीच सांगायला हवं होतं." निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर दोन दिवसांनी आलं. त्याने लिहिलं होतं, "बाबा, मला फक्त आजीच्या कपाळाचं रक्त आठवतं." आणि खाली, "टायर बघतो."

नातवाला माझं मत कळवलंय. सिव्हिक घे, कारण तुझी वही तसं म्हणते. टोयोटाच घेणार असलास तर ती धोक्याची गाडी आहे असं मी इथून पुढे कुणाला सांगणार नाही, फक्त हिवाळ्याच्या चार टायरचे पैसे पहिल्या हप्त्याच्या आधी बाजूला काढ. तो म्हणाला, "आजोबा, सेव्हन्टी-थर्टी सिव्हिक." सूनबाई म्हणते, टेबलावरचं ते मॉडेल मात्र अजून हललेलं नाही. दोघं बाप-लेक परवा मिळून टायरच्या दुकानात गेले होते, बापाच्या गाडीसाठी.

निर्णय झाला की खाली लिहीन. तोवर ज्यांच्याकडे त्या काळी व्हॅन होती त्यांनी आठवून सांगा, दोनच नवे टायर घेतले तर तुमच्या मिस्त्रीने ते कुठे बसवले होते? आणि आज ज्यांच्या दारात गाडी उभी आहे त्यांनी खाली जाऊन मागचे दोन बघून या.